मंगळवार पेठ अडीच तासांत पायी दाखवायची आहे, कुठून सुरू करू?

अभ्याससहल

नमस्कार. वास्तुकलेच्या दुसऱ्या वर्षाची 24 मुलं-मुली आणि दोन शिक्षक असे आम्ही कोल्हापूरला येतोय. पहिल्या दिवशी अंबाबाईचं देऊळ, जुना राजवाडा, न्यू पॅलेस. दुसऱ्या दिवशी सकाळचे अडीच तास एकाच पेठेसाठी ठेवलेत आणि त्यासाठी मंगळवार पेठ निवडली आहे. खासबाग मैदान, नाट्यगृह, तालमी, जुनी घरं सगळं चालण्याच्या अंतरात दिसतंय.

विचारायचं ते असं. सुरुवात आणि शेवट कुठे करावा? पेठेची हद्द नेमकी कोणती धरायची, कारण हाताशी असलेल्या तीन नकाशांत ती तीन प्रकारची आहे. जुलैचा दुसरा आठवडा बरा की डिसेंबर? आणि तालमीत आत जाता येतं का, मुलींनाही? स्थळांची यादी नको, ती कुठेही मिळते. पेठ कशी वाचायची हे मुलांना कळायला हवं.

बी_वॉर्ड

हद्दीचं आधी सांगतो, म्हणजे नकाशांचा घोळ मिटेल.

जुन्या कोल्हापुरातल्या घराला तीन पत्ते असतात. पहिला सिटी सर्व्हेचा. शहर ए, बी, सी, डी, ई अशा पाच वॉर्डांत मोजलेलं आहे. ए म्हटलं की शिवाजी पेठ, बी म्हटलं की मंगळवार पेठ, आणि शाहूपुरी, राजारामपुरी, ताराबाई पार्क हा नंतर वसलेला भाग ई मध्ये. घरांच्या पाट्यांवर आजही घर नंबराच्या पुढे 'बी वॉर्ड' लिहिलेलं दिसेल. दुसरा पत्ता महापालिका निवडणुकीच्या प्रभागाचा. तो प्रत्येक फेररचनेत सरकतो, त्यामुळे नकाशा कोणत्या निवडणुकीच्या वेळचा आहे त्यावर हद्द ठरते. तुमचा घोळ बहुतेक इथेच झालाय. तिसरा पत्ता तालमीचा नाहीतर तिकटीचा, म्हणजे तीन रस्ते मिळतात त्या जागेचा, आणि पेठेत चालतो तो हाच. रिक्षावाल्याला सिटी सर्व्हे नंबर सांगून काही होणार नाही, 'मिरजकर तिकटी' म्हणा, सोडतो. मुलांच्या हातात सिटी सर्व्हेची हद्द द्या आणि वाटेत दिसणारी प्रत्येक तालीम त्यावर टिपायला सांगा. दोन्ही एकत्र दिसल्याशिवाय पेठ कळत नाही.

आता वाट. शाहू स्टेडियमपासून सुरू करा आणि बिनखांबी गणेश मंदिरापाशी संपवा. उलट करू नका. बिनखांबीकडून निघालात तर महाद्वार रोडच्या दुकानांत अर्धी मुलं अडकतात आणि खासबागेत पोचेपर्यंत ऊन डोक्यावर येतं.

सकाळी सातला शाहू स्टेडियम. शेजारी रावणेश्वराचं देऊळ, तिथून साठमारी. या दोन्हींना मिळून अर्धा तास. साठमारी म्हणजे हत्तींच्या खेळाचं संस्थानी मैदान. खवळलेला हत्ती अंगावर आला की माणसाने सटकन आत शिरायचं, म्हणून अरुंद तोंडाचे दगडी बुरूज बांधलेले. त्या तोंडाची रुंदी मुलांना टेपने मोजू द्या. माणूस आडवा होऊन शिरेल आणि हत्तीचं डोकं शिरणार नाही, हे माप ठरवूनच बांधकाम झालंय.

मग खासबाग, इथे पाऊण तास ठेवा, कमी नको. शाहू महाराजांनी 1902 च्या विलायत दौऱ्यात रोमचं कलोसियम पाहिलं आणि त्यावरून हे मैदान सुचलं, असं सांगितलं जातं. काम 1907 मध्ये सुरू झालं, 1912 मध्ये पुरं झालं. वास्तुकलेच्या मुलांनी इथला फरक बघायला हवा. रोमला बैठका कमानींवर उचललेल्या आहेत. इथे मात्र जमिनीलाच मधल्या हौद्याकडे, म्हणजे कुस्तीच्या मातीच्या आखाड्याकडे, उतार दिलाय आणि हौदा किंचित उंचावर ठेवलाय. मधे खांब नाही, कठडा नाही. एका मुलाला हौद्याच्या कडेला उभं करा, बाकीच्यांना सगळ्यात मागच्या टोकाला बसवा आणि पुढच्याच्या डोक्यावरून त्याचे पाय दिसतात का ते विचारा. मग कागदावर छेद काढून नजरेची रेष आखायला लावा. वर्गात दोन तास शिकवून जे उतरत नाही ते इथे दहा मिनिटांत उतरतं.

मैदानाला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह, 1915 चं, मूळ नाव पॅलेस थिएटर. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री ते आगीत जळालं. पुनर्बांधणीच्या कामामुळे कोणता भाग खुला असेल हे दर महिन्याला बदलतं, तेव्हा आत जायचं धरूनच चालू नका. मैदान आणि नाट्यगृह दोन्ही महापालिकेच्या ताब्यात आहेत. कॉलेजच्या लेटरहेडवर अर्ज, त्यात तारीख, वेळ, संख्या, सोबतच्या शिक्षकांचे मोबाइल नंबर. किमान पंधरा दिवस आधी द्या आणि शिक्का मारलेली पोच घेऊन तीच सोबत ठेवा. फाटकावरचा माणूस तोंडी परवानगीला भीक घालत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

नाट्यगृहाजवळच देवल क्लब, गायन-वादनाची 1883 पासूनची संस्था. पाच मिनिटं बाहेरून पुरेत. पण एकाच वळणावर कुस्ती, नाटक आणि गाणं शेजारी शेजारी का, हा प्रश्न मुलांना विचाराच. तिन्हींना दरबारचा आश्रय होता आणि जागा राजघराण्याच्या बागेची होती. पेठेचा स्वभाव बराचसा त्यात आला.

पुढे मिरजकर तिकटी, तिथून बिनखांबी. शेवटचा अर्धा तास बोळांसाठी मोकळा ठेवा.

रावणेश्वर

वाट बरोबर आहे, पण पाणी राहिलं. पाण्याशिवाय ही पेठ वाचता येत नाही.

कोल्हापूर म्हणजे मुळात तळ्यांचं गाव. जुन्या वस्तीची सहा केंद्रं सांगतात ती ब्रह्मपुरी, उत्तरेश्वर, खोलखंडोबा, रंकाळा, पद्माळा आणि रावणेश्वर. यातलं रावणेश्वर तुमच्या वाटेवर पहिलंच आहे. तिथल्या तळ्याच्या जागेवर आज शाहू स्टेडियम आहे. शिवाजी पेठेत वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं, अंबाबाईच्या देवळाजवळच्या कपिलतीर्थाची मंडई झाली. दाट वस्तीत मधेच एवढी मोठी सपाट मोकळी जागा दिसली की आधी संशय घ्यायचा की खाली तळं असणार. घरांसाठी जमीन मऊ, म्हणून तिथे वस्ती चढली नाही आणि मैदानं शिल्लक राहिली. शहरात फुटबॉल रुजायला ही मैदानं कामी आली, असं माझं मत आहे, पटलं नाही तर वाद घाला.

याचा तोटाही तिथेच दिसतो. भराव टाकला म्हणून उतार बदलत नाही. पाऊस जोराचा झाला की पाणी जुन्या वाटेने जुन्या तळ्यातच जमतं. गांधी मैदान दर पावसाळ्यात तुंबतं त्याचं कारण हेच. गटार रुंद केलं तरी मैदान भोवतालच्या रस्त्यांपेक्षा खाली आहे तोवर फरक थोडाच पडतो.

मुलांना दुसरी गोष्ट दाखवायची ती पाण्याचा खजिना. खासबागेपासून दक्षिणेकडे वाट थोडी वाकडी करावी लागेल, जाऊन येऊन वीस-पंचवीस मिनिटं धरा. कळंबा तलावाचं पाणी इथे यायचं आणि पुढे शहरात वाटलं जायचं. कळंबा शहराच्या दक्षिणेला, उंचावर. म्हणून पंप न लावता नुसत्या उतारावर पाणी येत होतं. पेठेचा चढ-उतार लक्षात यायला यापेक्षा चांगली जागा नाही. मोबाइलमध्ये उंची दाखवणारं ॲप असतं, ते खजिन्यापाशी आणि मिरजकर तिकटीपाशी उघडून आकडे लिहून घ्या. पाच-दहा मीटरची चूक ते करतंच, म्हणून प्रत्येक ठिकाणी चार-पाच मोबाइलवर बघून मधला आकडा घ्या.

तांबडी_माती

मॅडम की सर, माहीत नाही, पण तालमीचं मी सांगतो.

तालमीत जाता येतं. आधी विचारलं तर. मंडळाच्या अध्यक्षांना किंवा वस्तादांना आदल्या दिवशी संध्याकाळी समक्ष भेटा. फोनवर 'या की' म्हणतील, पण सकाळी दाराशी असणाऱ्या पोराला त्यातलं काही माहीत नसतं. 24 जण एकदम आत घुसवू नका, आठ-आठचे तीन गट करा. चप्पल-बूट बाहेर. हौद्यातल्या मातीत पाय ठेवायचा नाही, वाकून हात लावून नमस्कार केला तर घरचे झालात. मुलींचं म्हणाल तर काही तालमींत सराव चालू असताना त्यांना हौद्यापर्यंत येऊ देत नाहीत, काही ठिकाणी हरकत नसते. हे आदल्या दिवशीच स्पष्ट विचारून घ्या. नाहीतर दारात निम्मी मुलं आत आणि निम्म्या मुली बाहेर असा प्रकार होतो. तो कुणालाच शोभत नाही. जिथे नाही म्हणतील ती तालीम सोडून द्या, दुसऱ्या आहेत.

मेहनत पहाटेची. साडेसातला गेलात तर घाम पुसणारी पोरं भेटतील, कुस्ती नाही. जोर-बैठका आणि माती उकरणं बघायचं असेल तर सहाच्या आत. मातीत ताक, लिंबू, हळद, तेल घालतात ते कशाला हेही मुलं विचारतील. माती मऊ राहावी, अंगाला चिकटून बसू नये आणि खरचटलेलं चिघळू नये यासाठी. हौदा रोज खोऱ्याने उकरायचा, नाहीतर दोन दिवसांत फरशीसारखा होतो आणि पाठीवर पडलेला माणूस उठत नाही.

पण एक लक्षात घ्या. आज पेठेतल्या बऱ्याच तालमींत कुस्ती उरलेली नाही. खाली हॉल, वर जिम, दारात फलक, असं रूप झालंय. तरी तालीम मेली म्हणू नका. गणपती तिचा, मयतीला धावणारी पोरं तिची, मोहरमात पंजे बसवणाऱ्या तालमीही शहरात आहेत, आणि फुटबॉलचा संघ तिचा. पाटाकडील, बालगोपाल हे मंगळवार पेठेचे, शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा शिवाजी पेठेचे. दोन पेठांची ईर्षा पूर्वी हौद्यात होती, आता शाहू स्टेडियमवर आहे. पोरगं कोणत्या संघाचं विचारलं की त्याची गल्ली कळते. विसर्जन मिरवणुकीत मानाचा पहिला गणपती तुकाराम माळी तालमीचा. तोही याच पेठेतला. मिरवणूक खासबागेपासून निघते, मिरजकर तिकटी, बिनखांबी, महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेश. म्हणजे तुम्हाला जी वाट सांगितली तिचा दुसरा अर्धा भाग मिरवणुकीच्याच मार्गावर आहे. गल्ल्यांची तोंडं, मांडवाला लागणारी रुंदी, वरच्या वायरी किती उंचावर आहेत, हे बघत चाला.

बिंदूचौकी

माझं थोडं वेगळं मत. सुरुवात बिंदू चौकात करा. तिथे कोटाच्या भिंतीचा आणि बुरुजाचा तुकडा अजून उभा आहे. आतलं शहर आणि बाहेरची पेठ हा भेद दहा मिनिटांत डोळ्यांना दिसतो. मंगळवार पेठ कोटाबाहेर वाढली, म्हणून इथे मैदानं, साठमारी, नाट्यगृह यांना जागा मिळाली. कोटाच्या आत एवढं मावलंच नसतं. शिवाय 1950 मध्ये माधवराव बागलांच्या पुढाकाराने बसवलेले महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकरांचे पुतळे तिथेच आहेत. आंबेडकरांचा पुतळा त्यांच्या हयातीतला, हे मुलांना माहीत नसतं.

बी_वॉर्ड

कोटाचा मुद्दा मान्य. पण सातला बिंदू चौक धरला तर स्टेडियम-साठमारीकडे जाऊन परत खासबागेकडे यावं लागतं, त्यात पंधरा-वीस मिनिटं जातात. बसवाला कुठे सोडतो त्यावर ठरवा. मोठी बस पेठेत आत आणूच नका, वळायला जागा नाही. बिंदू चौकाच्या वाहनतळावर सोडणार असेल तर तिथून सुरू करा आणि पाण्याचा खजिना गाळा. दोन्ही अडीच तासांत बसणार नाही.

अभ्याससहल

सगळ्यांचे आभार. मॅडम म्हटलं तरी चालेल. खजिना ठेवतेय, बिंदू चौक पहिल्या दिवशी राजवाड्यासोबत घेते. दोन गोष्टी उरल्या. शेवटच्या अर्ध्या तासात प्रत्येक गटाने एका जुन्या घराचा दर्शनी भाग मोजून काढावा असं मनात आहे. घरं कशी निवडायची आणि काय चुकतं? आणि तारखेचं कुणी बोललंच नाही.

सोपा_माडी

मॅडम, अर्ध्या तासात पूर्ण दर्शनी भाग होत नाही, जोतं आणि तळमजला एवढंच धरा.

निवडायचं घर असं. काळ्या दगडाचं जोतं उघडं दिसतंय, लाकडी खांब किंवा तुळईची टोकं दिसताहेत, वर मंगळुरी कौलं आहेत आणि समोर किमान दोन माणसांना मागे सरकायला जागा आहे. बोळात सरकता आलं नाही तर फोटो तिरपे येतात आणि नंतर त्यावरून माप काढता येत नाही. अशा वेळी एकाच उंचीवरून, भिंतीला समांतर सरकत, एकमेकांवर तिसरा हिस्सा चढेल असे फोटो घ्या आणि प्रत्येक फोटोत उभी मोजपट्टी येऊ द्या. घरमालकाला विचारल्याशिवाय टेप लावू नका. जुन्या घरांत मालक-कूळ किंवा भावकीचा वाद चालू असतो. टेप घेतलेली माणसं दिसली की बिल्डर आला असं समजून लोक बाहेर येतात. कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात हवं आणि बोलायला मराठी येणारा एक जण प्रत्येक गटात हवा.

मोजताना घर खणांत मोजा. दोन तुळयांमधलं अंतर म्हणजे खण, जुनी माणसं 'तीन खणांचं', 'पाच खणांचं' असंच सांगतात. आधी खण मोजून लिहा, मग टेपने एकूण रुंदी. खण सारखे निघाले नाहीत तर मधे कधीतरी वाटणी होऊन भिंत घातली गेलीय, हे लगेच लक्षात येतं. नुसते मीटर लिहिले तर ते हरवतं. आत डोकावायला मिळालं तर क्रम बघा. दारातून सोपा म्हणजे पुढची बैठकीची जागा, मागे माजघर, बाजूने माडीचा जिना. घर अरुंद आणि खोल असेल तर मधे उजेडासाठी चौक किंवा कौलांत काच.

आता चुकतं काय. पेठेतल्या घरांच्या भिंती सामाईक. शेजारचा घर पाडून आरसीसीचा पाया खणतो, तेव्हा इकडच्या मातीच्या भिंतीचा जो अंगभाग कधीच पाऊस बघणारा नव्हता तो उघडा पडतो. एका पावसाळ्यात माती धुपते, दगड सुटतात, भिंत पोट काढते. पाडकाम पावसाआधी उरकून उघड्या भिंतीला चुन्याचा गिलावा, वरून पत्र्याची झड आणि खालून लाकडी टेकू, एवढं केलं तरी ती तगते. दुसरी चूक सिमेंटची. मातीच्या भिंतीला बाहेरून सिमेंट लावलं की आतली ओल बाहेर पडायची वाट बंद होते. ती वर चढते आणि कमरेएवढ्या उंचीवर गिलावा फुगून पापुद्रे निघतात. ही रेघ मुलांना प्रत्येक बोळात दाखवता येईल. तिची जमिनीपासूनची उंची मोजा, ओल कुठवर चढली ते कळतं.

निवडलेल्या घरांची मालमत्ता पत्रकं ऑनलाइन निघतात, पण सिटी सर्व्हे नंबर अचूक हवा. पाटीवरचा घर नंबर आणि सिटी सर्व्हे नंबर एकच असेल असं धरू नका. जुन्या वर्णनासाठी मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा 1886 चा कोल्हापूर खंड आणि करवीर नगर वाचन मंदिर, 1850 पासूनचं ग्रंथालय आहे.

रावणेश्वर

तारीख. डिसेंबर, डोळे झाकून.

जुलैचं आकर्षण मला कळतं. आषाढात मंगळवारी आणि शुक्रवारी पेठेतल्या गल्ल्या पंचगंगेचं नवं पाणी घेऊन त्र्यंबोली देवीच्या देवळाला निघतात, डोक्यावर कलश, पुढे पी ढबाक हे वाद्य. ते बघण्यासारखंच आहे. पण 26 जणांची सहल त्या भरवशावर आखू नका. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला 39 फूट ही इशारा पातळी, 43 फूट धोक्याची. मंगळवार पेठ उंचावर, पूर तिथे पोचत नाही. अडचण शहरात येण्याची असते. 2019 आणि 2021 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच बंद झाला. 2019 चा पूर ऑगस्टमधला, 2021 चा जुलैच्या शेवटच्या आठवड्यातला. तुमचा आठवडा त्याच्या जवळच पडतो.

डिसेंबरात फुटबॉलचा हंगाम असतो. सामने दुपारनंतरचे, तुम्ही सकाळी नऊ-साडेनऊला मोकळ्या. तरी पाटाकडील-शिवाजी सामन्याचा दिवस टाळा, त्या दिवशी बंदोबस्त लागतो आणि स्टेडियमच्या बाजूने वाहन न्यायला त्रास होतो. मंगळवार, शुक्रवार, रविवार हे देवीच्या गर्दीचे वार, ते सोडून बुधवार किंवा गुरुवार घ्या. मावळतीची किरणं अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोचतात तो किरणोत्सव 9 ते 11 नोव्हेंबर आणि 31 जानेवारी ते 2 फेब्रुवारी असतो, त्यामुळे डिसेंबरला त्याची अडचण नाही.

तांबडी_माती

बुधवार घ्या. आणि मुलांना नाश्ता साडेनऊनंतरच द्या, खासबागेच्या आसपास मिसळ मिळते. कट म्हणजे तिखट रस्सा वेगळा मागवा, एकदम ओतून घेतला तर बाहेरच्या पोरांना झेपत नाही. सोबत ब्रेडच येतो, पाव मागत बसू नका.